उरल्यासुरल्या वेळातलं स्टुटगार्ट

"पासपोर्ट आहे ना तुमचा?" एवढंच विचारून साहेब पुन्हा फोनवर बोलायला लागले. तारीख 20 ऑगस्ट 2024. आमची फौंड्री कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत. तिथून जर्मनीला जाणाऱ्या एका हाउसिंगमध्ये, म्हणजे यंत्राच्या ओतीव कवचात, मशिनिंगनंतर ब्लो-होल (ओतताना हवा अडकून पडलेली भोकं) दिसायला लागले होते आणि दोन लॉट तिकडे अडकून पडले होते. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात उभं राहून 'हा चालेल, हा नाही' असं एकेक नग बघून ठरवायला क्वालिटीतलं कुणीतरी हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे मी. वय 43, पासपोर्ट चार वर्षांचा, आणि त्यावर एकही शिक्का नाही.

गाव होतं स्टुटगार्टजवळचं. रात्री जेवणं झाल्यावर मी फोनवर शोधत बसले. सहलीला जाणाऱ्यांसाठी ढिगानं माहिती सापडली. पण दिवसभर कारखान्यात राबून संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या बाईला तिथं काय बघता येईल, हे काही सापडेना. माझं जे जसं झालं ते म्हणून लिहून ठेवते.

काम सोमवार ते शुक्रवार, 21 ते 25 ऑक्टोबर. कंपनी शनिवारचं परतीचं तिकीट काढणार होती. इतक्या लांब जाऊन फक्त ब्लो-होल बघून यायचं? मी धीर करून विचारलं, सोमवारी परतले तर चालेल का? दोन रात्रींचं हॉटेल आणि खाणंपिणं माझ्या पैशानं. साहेब लगेच हो म्हणाले. एचआरला मात्र पटवावं लागलं, कारण फॉर्ममध्ये 'खाजगी मुक्काम' असा रकानाच नव्हता. शेवटी मेलवर लेखी मंजुरी आली. ती मेल नीट जपून ठेवा. पुढे हिशेब देताना तीच कामी येते.

दुसरं एक कुणीतरी वेळेवर सांगितलं म्हणून वाचले. व्हिसा कामाचा असला तरी हे दोन जादा दिवस अर्जात, कव्हर लेटरमध्ये आणि प्रवासाच्या आराखड्यात आधीच दाखवायचे. काम कुठे आणि किती दिवस, मग दोन दिवस शहर बघणार, खर्च स्वतःचा, सोबत हॉटेलचं बुकिंग. लपवण्यासारखं त्यात काही नसतं, पण सगळ्या कागदांवरच्या तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

आणि नेमकं तिथंच मी घसरले. व्हिसा केंद्राची तारीख मिळाली मुंबईत, 11 सप्टेंबरची. म्हणजे गौरीपूजनाचा दिवस. घरात सासूबाईंची गौर, आणि सून महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला! "आपली महालक्ष्मी मुंबईला चालली म्हणायची," एवढंच त्या म्हणाल्या, आणि डब्यात पुरणपोळ्या बांधून दिल्या. सकाळी मुंबईत उतरून दहाच्या आत केंद्रात पोचले. रांगेत बसून कागद चाळले तेव्हा लक्षात आलं, की कंपनीनं काढलेला प्रवास विमा 26 तारखेपर्यंतच आहे. मी परतणार 28 ला. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाला, विमा मुक्कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत लागतो आणि त्याचं कव्हर किमान 30,000 युरोंचं असावं लागतं. बेत बदलल्याचं विमेवाल्याला कळवणं माझं काम होतं, ते मी विसरले होते. बाहेर जिन्यात उभी राहून एजंटला फोन लावला, फरकाचे पैसे भरले, नवी पॉलिसी मेलवर आली, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली. चाळीस मिनिटं गेली आणि घामाघूम झाले.

बोटांच्या ठशांची वेगळीच गंमत. दहा बोटं काचेवर ठेवायची. माझे अंगठे काही उमटेनात. वीस वर्षं कास्टिंगच्या कडांवरून बोट फिरवून बर, म्हणजे उरलेली धारदार कड, बघायची सवय, रेषा राहतात कुठे! काउंटरवरच्या मुलीनं हात पुसून घ्यायला लावले, पुन्हा ठेवा, थोडं दाबा. चौथ्या खेपेला उमटले. माझ्यासारखं हातकाम करणाऱ्यांनी आदल्या आठवड्यात रोज रात्री हाताला खोबरेल चोळावं, मला तर नंतर सगळ्यांनी हेच सांगितलं. व्हिसाची फी 90 युरो. त्याच वर्षी जूनमध्ये ती 80 वरून 90 झाली होती. तेव्हाच्या भावानं आठ हजार दोनशेच्या आसपास, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क आणि कुरिअर. फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा. आमच्या गल्लीतल्या फोटोग्राफरनं दुबईच्या मापाचा काढून दिला होता, तो पुन्हा काढावा लागला.

मग वाट बघणं. पंधरा दिवस सांगतात, मी रोज सकाळी उठल्या उठल्या स्टेटस बघायची. 24 सप्टेंबरला पासपोर्ट घरी आला. व्हिसा एका प्रवेशाचा, मुक्काम मोजून मागितला तेवढाच.

20 ऑक्टोबरला पहाटेच्या विमानानं मुंबई ते फ्रँकफर्ट, आणि विमानतळाच्या पोटातूनच आगगाडी पकडून सव्वा तासात स्टुटगार्ट. स्टेशनवर उतरले तर सगळीकडे पत्रे, क्रेन, तात्पुरते पूल, बाण दाखवणारे फलक. फलाटापासून शहरापर्यंत बॅग ओढत चालायला दहा मिनिटं सहज लागली. जुनं स्टेशन मोडून जमिनीखाली नवं करायचं काम 2010 मध्ये सुरू झालं आणि 2019 मध्ये संपायचं होतं म्हणे. जर्मन लोक वेळेचे पक्के, हे ऐकून आले होते. ते खोदकाम बघून जरा हलकं वाटलं.

हॉटेलची खोली तीनला मिळणार होती. बॅग तिथे ठेवून मी बाहेर पडले. रविवार असल्यामुळे दुकानं कडकडीत बंद. किराणाही बंद. तहान लागली म्हणून स्टेशनातल्या एका टपरीवर पाण्याची बाटली घेतली, तर लिहिलेल्या भावापेक्षा पंचवीस सेंट जास्त घेतले. हुज्जत घालणार होते. तेवढ्यात मागच्या माणसानं खुणेनं सांगितलं, बाटली परत केलीस की पैसे परत मिळतात. आपल्याकडे सोड्याच्या काचेच्या बाटलीला असायचं तसं. बाटल्या परत घेणारी यंत्रं किराणा दुकानांत असतात. ती बाटली मी पिशवीत टाकली. तिची गोष्ट पुढे येईल.

राजवाड्यासमोरच्या मोठ्या चौकात, श्लोसप्लाट्झवर, बाकावर बसून घरी फोन केला. तिकडे दुपारचे चार, इकडे साडेबारा. बाबा म्हणाले, "बेंझचं गाव ना ते? कारखाना बघून ये." बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. सोळाव्या वर्षी ते ज्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढले, तो टाटा-मर्सिडीज होता. 1954 पासून 1969 पर्यंत टाटांचे ट्रक जर्मनीच्या डाइम्लर-बेंझच्या सहकार्यानं बनायचे आणि त्यांच्या नाकावर तीन टोकांचा तारा असायचा. पुढे बाबांनी शाहूपुरीत स्वतःचं गॅरेज टाकलं, पण बोलताना अजून 'टाटा' म्हणत नाहीत, 'बेंझ' म्हणतात. त्यांच्यासाठी तरी ते म्युझियम बघायचंच होतं.

कामाचं फार लिहीत नाही. सकाळी साडेसहाची लोकल, साडेसातला कारखाना, दिवसभर टॉर्च आणि भिंग घेऊन तीनशे-चारशे नग. तिथली माणसं साडेचारला हात धुऊन निघतात, आणि त्यांच्याबरोबर मीही. आता खरी अडचण कळते. स्टुटगार्टमधली बहुतेक संग्रहालयं पाचला किंवा सहाला बंद होतात, आणि सोमवारी तर उघडतच नाहीत. म्हणजे नोकरी करणाऱ्याला दारावरची पाटी वाचून परतायचं.

सोमवारी संध्याकाळी तशीच भटकत असताना एक पांढराफटक चौकोनी ठोकळा दिसला, अंधारात निळसर उजळलेला. मला वाटलं बँक असेल. ते शहराचं सार्वजनिक वाचनालय निघालं. 2011 मध्ये बांधलेलं, कोरियन वास्तुकार ईउन यंग यी यांचं. चारी भिंतींवर वर एकच शब्द, 'वाचनालय', चार भाषांत: जर्मन, इंग्रजी, कोरियन आणि अरबी. सोमवार ते शनिवार रात्री नऊपर्यंत उघडं, आत जायला पैसे नाहीत, कुणी ओळखपत्रही विचारत नाही. तळमजल्यावर मधोमध एक रिकामी, उंच, पांढरी खोली आहे. तिथे काही म्हणजे काही ठेवलेलं नाही. वर जाल तसं आतलं अंगण मजल्यागणिक पसरट होत जातं. सगळीकडे पांढरे जिने आणि पांढरे कठडे, रंग फक्त पुस्तकांच्या कण्यांचा. एक मुलगी जिन्यात बसून गणितं सोडवत होती. मी तिच्यापासून दोन पायऱ्या सोडून बसले आणि पुरणपोळी नव्हती म्हणून घरच्या शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा चोरून खाल्ला. निघताना दाराशी एक कपाट दिसलं, झोप न येणाऱ्यांसाठीचं. वाचनालय बंद असताना रात्रीही तिथून पुस्तक नेता येतं. त्या रात्री अडीचला माझे डोळे टक्क उघडले तेव्हा ते कपाट आठवलं. साडेतीन तासांचा फरक शरीराला पटायला मला बुधवार उजाडला.

मंगळवारी पाऊस. गरम पाण्यात पाय बुडवून बसले.

बुधवारी राज्याच्या चित्रसंग्रहालयाचा, स्टाट्सगॅलरीचा, कायमचा संग्रह फुकट बघता येतो. मी धावतपळत लोकल पकडली आणि पाच वाजून चार मिनिटांनी दाराशी पोचले. बंद. फुकटचा दिवस नोकरदारांसाठी नव्हेच! पण पाटीवर दिसलं, गुरुवारी रात्री आठपर्यंत उघडं. तेव्हा बुधवारचा नाद सोडा, गुरुवारी सात-आठ युरो मोजा आणि निवांत बघा.

आत जाता आलं नाही म्हणून बाहेरून तरी बघावं म्हणून मी इमारतीला वळसा घातला, आणि ते बरंच झालं. नव्या भागाचे वास्तुकार ब्रिटिश जेम्स स्टर्लिंग, उद्घाटन 1984 चं. पिवळसर दगडी भिंती, किल्ल्यासारख्या भारदस्त, आणि त्यांच्यावर चक्क गुलाबी आणि निळे जाडजूड कठडे, लहान मुलांच्या घसरगुंडीसारखे. खाली गाड्या लावायच्या जागेची भिंत एका ठिकाणी फुटलेली, चार-पाच दगड निखळून गवतावर पडलेले. मला वाटलं बांधकामातला दोष. क्वालिटीची माणसं आम्ही, लगेच वाकून बघितलं. दगड मुद्दाम तसे टाकलेत! भिंत अखंड दगडी वाटते, पण दगडाचा नुसता पातळ थर काँक्रीटवर लावलाय, हे वास्तुकारानं स्वतःच उघड करून दाखवलंय, आणि त्या भगदाडातून गाड्यांच्या जागेत हवाही जाते. स्वतःचा रिजेक्शन रिपोर्ट स्वतःच्या भिंतीवर लिहिणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

गुरुवारी आत गेले. चित्रांमधलं मला कळत नाही, आधीच सांगते. दोन तासांत सगळं बघायचा हट्ट केला नाही, चार खोल्या निवडल्या. त्यातली एक येर्ग राटगेबच्या मोठ्या वेदीचित्राची, 1519 चं काम. येशूच्या छळाचे प्रसंग. चेहरे वेडेवाकडे, रंग भडक, हात-पाय पिळवटलेले, समोर उभं राहवेना. नंतर वाचलं, की या चित्रकारानं शेतकऱ्यांच्या बंडात भाग घेतला आणि 1526 मध्ये त्याला चिरून मारलं. ते वाचून मी परत जाऊन बघितलं. दुसरी खोली ऑस्कर श्लेमरच्या नृत्यपोशाखांची. हा स्टुटगार्टचाच, आणि त्याचं 'त्रयी' म्हणावं असं तीन रंगांचं, तीन नर्तकांचं नृत्य 1922 मध्ये इथेच पहिल्यांदा झालं. माणसाच्या अंगावर गोळे, शंकू, तारांची वलयं. आमच्या पॅटर्न शॉपमध्ये लाकडी साचे रांगेत ठेवतात तसेच ते उभे होते. आमच्या पॅटर्नवाल्या सुतारमामांना हे दाखवायला हवं होतं.

बॅग आणि जाड कोट खाली लॉकरमध्ये ठेवावे लागतात. त्यासाठी खिशात एक-दोन युरोचं नाणं ठेवा, ते नंतर परत मिळतं. मी सुटे मागत फिरले.

शुक्रवारी कामाचा शेवट. दोन लॉटपैकी एक पूर्ण सुटला, दुसऱ्यातले नग बाद झाले, सही-शिक्के झाले. तिथल्या क्वालिटीच्या बाईंनी जाताना जेवायला नेलं. मी शाकाहारी म्हटल्यावर त्यांनी चीज घातलेलं श्पेट्झलं मागवलं. पिठाच्या छोट्या वाकड्यातिकड्या शेवया आणि वरून तळलेला कांदा. ताट बघून मला चकोल्यांची आठवण आली, चव मात्र सौम्य. माउलटाशं हा दुसरा प्रसिद्ध पदार्थ मात्र शाकाहाऱ्यांनी विचारूनच घ्यावा. पिठाच्या पाकिटात बहुधा मांस असतं. उपवासात देवाला दिसू नये म्हणून मांस पिठात लपवलं, असं त्यांनीच हसत सांगितलं. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे मला त्यांना समजावून सांगता आलं नाही.

शुक्रवारी महापालिकेचं कला संग्रहालय रात्री नऊपर्यंत उघडं असतं. राजवाड्याच्या चौकातलाच काचेचा मोठा घन. तिथे ऑटो डिक्सचं 1928 चं 'महानगर' नावाचं तीन फळ्यांचं चित्र आहे. मधल्या फळीत नाचगाणं, जॅझ, मोत्यांच्या माळा. दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर पहिल्या महायुद्धात पाय गमावलेले सैनिक रस्त्यावर, आणि त्यांच्याकडे न बघता जाणाऱ्या बायका. वीस मिनिटं बाकावर बसून होते. आठवडाभरात जे जे बघितलं त्यात मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच, डावीकडचा तो लाकडी पायाचा माणूस.

शनिवारी हॉटेल बदललं. कंपनीचं सोडून शहराच्या बाड कानश्टाट भागात स्वस्तातली खोली, रात्रीचे 70 युरो, संडास-न्हाणी स्वतंत्र, न्याहारी धरून. जिन्यात एक पाटी लटकवलेली होती. खालच्या बाईंनी समजावलं, या आठवड्यात जिना झाडायची पाळी कुणाची ते त्यावरून कळतं. या भागात ही झाडण्याची पाळी फार कडक पाळतात. आमच्या वाड्यात अशी पाटी लावली तर पाटीवरूनच भांडणं होतील.

आणि मग बाबांचं म्युझियम. मर्सिडीज-बेंझ संग्रहालय, 2006 चं, तिकीट 16 युरो, ऐकायचं यंत्र त्यातच. सोमवारी बंद, हे लक्षात ठेवा. सकाळी नऊला उघडतं, मी साडेनऊला पोचले आणि बाहेर पडले तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. लिफ्टमधून थेट सगळ्यात वर नेतात आणि मग गोल गोल उताराच्या वाटेनं खाली यायचं, 1886 पासून आजपर्यंत. लिफ्टचं दार उघडलं की समोर गाडी नाही, पांढरा घोडा! खाली जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा याचं म्हणून वाक्य लिहिलंय. माझा घोड्यावर विश्वास आहे, मोटार हे चार दिवसांचं फॅड आहे, अशा अर्थाचं.

पहिल्याच दालनात मी अडकले. कार्ल बेंझची तीन चाकी गाडी, 29 जानेवारी 1886 चं पेटंट. मागे आडवं ठेवलेलं मोठं फ्लायव्हील. बाकीची माणसं फोटो काढत होती आणि मी वाकून कास्टिंग बघत होते. ती चाळीस-पन्नास हॉर्सपॉवरची नव्हे, पाऊण हॉर्सपॉवरची गाडी. आमच्याकडच्या पिठाच्या गिरणीची मोटर हिला लाजवेल. पण ही गाडी रस्त्यावर आणली ती बेंझच्या बायकोनं. ऑगस्ट 1888 मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्टझहाइमला, माहेरी निघाली. शंभर किलोमीटरहून जास्त अंतर. इंधन संपलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन हे पेट्रोलसारखं द्रव घेतलं, नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन घालून साफ केली, ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात माहेरच्या वाटेवर झाली, असं म्हणायला हरकत नाही. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "पिनेनं जेट साफ करायचं आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणजे ते तिचंच."

सगळं सांगत नाही. लाल, चंदेरी गाड्यांची गर्दी खूप आहे. 300 एसएलआर उहलेनहाउट कूपे या मॉडेलच्या दोनच गाड्यांपैकी एक 2022 मध्ये याच इमारतीत 13 कोटी 50 लाख युरोंना विकली गेली, हे वाचून मी रुपयांत हिशेब करायला गेले आणि शून्यं मोजताना चुकले. मला आवडलं ते वेगळंच. उताराच्या भिंतीवर गाड्यांच्या शेजारी काळाचाही इतिहास लावलाय, आणि त्यात नाझी काळात याच कंपनीत सक्तीनं राबवलेल्या मजुरांचा उल्लेख टाळलेला नाही.

मालवाहू गाड्यांच्या दालनातून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. फोन फिरवत एकेक ट्रक दाखवला. बाबा चष्मा लावून, फोन नाकाशी धरून बघत होते. त्यामुळे मला फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं. "थांब. केबिन दाखव. तारा दिसतोय. बाजूचं दार दाखव." मी दार दाखवलं. "पायरी कुठाय? पायरीवर उभं राहायचो आम्ही घाटात. मालक आत बसायचा, क्लीनर बाहेर, हातात चाकाखाली घालायची लाकडाची उटी." मग जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "आपली गाडी नाही त्यात. बरं, पुढं चल, बॅलन्स जाईल तुझा." इंटरनेटचे पैसे जातात म्हणून ते अजून फोन आवरता घेतात.

तिथून चालत कुरपार्क या बागेत गेले. डाइम्लर आणि त्याचा जोडीदार इंजिनिअर मायबाख यांनी ज्या बागेतल्या काचघरात 1880 च्या दशकात गुपचूप इंजिनं बनवली, ते छोटं घर अजून आहे. रात्रंदिवस ठोकाठोक ऐकून माळ्याला संशय आला, की हे खोटी नाणी पाडतात. त्यानं पोलिसांना कळवलं. पोलिसांना सापडली नुसती अवजारं आणि इंजिनाचे भाग. मी पोचले तेव्हा दार बंद होतं, म्हणून काचेला नाक लावून बघितलं. एक व्हाइस, एक बाक, भिंतीवर पाने. बाबांच्या गॅरेजएवढीच जागा.

रविवारची फजिती आता सांगते. मी अजून एचएमटीची चावीची घड्याळ वापरते, दहावीला बाबांनी दिलेली. जाग आली, घड्याळात सात. खाली गेले तर न्याहारीची खोली अंधारात. उशीर करतात म्हणून चरफडत बाहेर पडले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. वाइसेनहोफ वसाहतीच्या टेकडीवर चढून, दहाला उघडणाऱ्या दारासमोर उभी राहिले. माझ्या घड्याळात दहाला पाच कमी. दहा वाजले, सव्वादहा झाले. थंडीनं कान बधिर. फोन काढला तर त्यात सव्वानऊ! ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे युरोपात घड्याळं एक तास मागं घेतात. फोननं आपलं आपण घेतलं होतं, एचएमटीला कोण सांगणार? ऑक्टोबर किंवा मार्चच्या शेवटी जाणार असाल तर हे आधी बघा. विशेषतः त्या दिवशी विमान असेल तर. घरी फोन करताना साडेतीनऐवजी साडेचार तास धरायचे.

तो पाऊण तास वाया मात्र गेला नाही. रस्त्यावरून ती घरं निवांत बघितली. 1927 मध्ये मीस फान देअर रोहच्या देखरेखीखाली 17 वास्तुकारांनी इथं 21 घरं बांधली, नव्या काळात माणसानं कसं राहावं ते दाखवायला. त्यातली 11 उरली आहेत. पांढऱ्या भिंती, सपाट गच्ची, आडव्या खिडक्या. बघणाऱ्या आपल्या माणसाला पहिल्यांदा वाटतं, यात काय विशेष? ही तर आमच्या ताराबाई पार्कातली अपार्टमेंट! मग लक्षात येतं, की आमचं अपार्टमेंट असं दिसतं ते यांच्यामुळे. सपाट गच्चीवरून तेव्हा जर्मनीत एवढा राग होता, की नाझी काळात या वसाहतीचं उंट आणि अरब चिकटवलेलं टवाळीचं पोस्टकार्ड काढलं होतं. आत संग्रहालय आहे ते ल कॉर्बुझिए आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे यांच्या जोडघरात. त्याचा बोळ इतका अरुंद, की समोरून कुणी आलं तर एकानं मागं सरायचं, अगदी एसी डब्यातल्यासारखा. दिवसा खाट भिंतीतल्या कपाटात सरकवायची. कॉर्बुझिएचं काम म्हणून 2016 मध्ये युनेस्कोनं सात देशांतल्या 17 जागांना एकत्र वारसा ठरवलं. त्यात हे घर आहे आणि आपलं चंडीगडही. पाटीवर चंडीगड वाचून मी उगाच शेजारच्या आजीबाईंना बोट लावून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जणू मीच ते बांधलं.

दुपारी मारीएनप्लाट्झहून दात्यांच्या चाकाची आगगाडी घेतली. 1884 पासून चढ चढणारी, तिकीट आपल्या नेहमीच्या लोकलचंच. वर डेगरलोखला उतरून पुढे दूरदर्शन मनोऱ्यावर. 1956 चा, 216 मीटर उंच, काँक्रीटचा असा जगातला पहिला. फ्रिट्झ लेओनहार्ट या इंजिनिअरनं लोखंडी सांगाड्याऐवजी हा सुचवला. वरून शहर म्हणजे वाटीच्या तळाशी बसलेलं, कडांवर द्राक्षमळे. खाली दूर मैदानाशेजारी मर्सिडीज संग्रहालयाची गोल इमारत दिसली. मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून जुळी शहरं आहेत, हे मला तिथंच कळलं.

सगळा हिशेब: दोन रात्रींचे 140 युरो, सगळी तिकीटं मिळून साठच्या आत, खाणं रोज पंधरा-वीस युरो, कारण दोन्ही वेळा बाहेर जेवले नाही. सकाळी लोण्याचा ब्रेझेल, संध्याकाळी घरून नेलेले मेतकूट-पोहे गरम पाणी घालून. अडीच दिवस, पंचवीस हजार रुपयांच्या आसपास. आठवडाभराची लोकलची पावती मी गमावली होती, ती मात्र अकाउंटसनं दिवाळीनंतर तीन मेल पाठवूनही मंजूर केली नाही. तिथं प्रत्येक तिकिटाचा लगेच फोटो काढून ठेवा.

29 ला धनत्रयोदशीच्या पहाटे मुंबईत उतरले, रात्री कोल्हापूर. बॅग उपसताना तळाशी ती पहिल्या रविवारची पाण्याची बाटली निघाली, पंचवीस सेंटची. आठवडाभर किराणा दुकानात जायचं राहिलं, शेवटचा दिवस पुन्हा रविवार, दुकानं बंद. बाबांनी ती उलटीपालटी करून बघितली, धुतली, पाणी भरून फ्रीजमध्ये ठेवली. आता घरात कुणी ती उचलली की ओरडतात, "ती नको, तिचे पैसे यायचेत."